डेस्कटॉपवरची चित्रं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि सोमवारी देवळात हात जोडून उभी राहते तिथंही नाही. तिथं तर मी दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही जात. तरी सांगते.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. लातूरला, डाळमिलच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. लातूर जिल्हा झाला त्या सुमाराचा माझा जन्म. माहेर मुखेड, लग्नानं लातूरची झाले. सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं, आत डोकावायचं आणि मलाच विचारायचं, "मालक न्हाईत का?" मी म्हणायची, "मीच." मग तो माणूस आपला सीपीयू काखेत घट्ट धरून उंबऱ्यावर तसाच उभा राहायचा — द्यावा की नाही या विचारात. आता कुणी विचारत नाही. आता बाजारपेठेतले अडते फोन करून म्हणतात, "अक्का, पोराला पाठवतो मशीन घेऊन, तुमच्या सवडीनं करा." मी माझ्या कामात चांगली आहे. यात लाजण्यासारखं काय आहे? आहे ते आहे.

त्यातही माझा हातखंडा म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवरचा संसार नव्यावर नेणं. लोकांना वाटतं, इकडून फायली उचलल्या, तिकडं टाकल्या, झालं. फायली उचलता येतात हो. प्रोग्राम उचलता येत नाहीत, ते नव्या मशीनवर पहिल्यापासून बसवावे लागतात. आणि माणसाच्या सवयी? कुणाचा मराठी टायपिंगचा हात जुन्या पद्धतीचा, कुणाचा प्रिंटर डावीकडं जास्त जागा सोडणारा, कुणाच्या चष्म्याला मोठीच अक्षरं लागतात. हे सगळं बरोबर नेलं नाही तर नव्या कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसाची गत सासरी पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात उभ्या राहिलेल्या सुनेसारखी होते. सगळं आहे, पण पळी सापडत नाही.

म्हणून माझी एक पद्धत होती. काम सुरू करायच्या आधी जुन्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढायचा. आणि शेवटी नव्या पडद्यावर एकेक आयकॉन त्या फोटोत पाहून अगदी त्याच जागी मांडायचा. माणूस खुर्चीत बसला की त्याचा हात आपोआप नेहमीच्या कोपऱ्यात जायचा आणि तिथं हवं ते असायचं. मग तो माझ्याकडे बघून हसायचा. त्या हसण्याची मला चटक लागली होती — हे आत्ताच सांगून ठेवते, पुढं लागेल.

अजून मुद्द्याला आले नाही, कळतंय मला. येते. पण एक नियम सांगायला हवा, त्यावरच सगळं फिरतं. कॉम्प्युटरच्या आत जागेचे दोन भाग पाडतात, सी आणि डी. सी मध्ये मशीनचं स्वतःचं सामान, डी मध्ये आपलं. मशीन बिघडलं की सी पुसून नवा करायचा, डी ला धक्का लागत नाही. आता गंमत अशी, की समोर पडद्यावर — डेस्कटॉपवर — जे दिसतं ते असतं सी मध्ये. म्हणून डेस्कटॉपवर खरं काही ठेवायचं नाही. तिथं फक्त शॉर्टकट ठेवायचा, म्हणजे डी मधल्या फोल्डरकडं जाणारं दार. दार आहे की खरी खोली आहे, हे कसं ओळखायचं? शॉर्टकटच्या कोपऱ्यात एक छोटा बाण असतो. बाण नाही, म्हणजे ते खरं फोल्डर. हा नियम मी अर्ध्या लातूरला शिकवला. सुजातालाही मीच शिकवला होता.

सुजाता मुखेडची. माझ्या माहेरच्या घरापासून बाजाराच्या मैदानापलीकडं तिचं घर, बौद्धवाड्यात. बीएस्सी करून लातूरला आली आणि बिराजदार सरांच्या क्लासमध्ये लागली. सर बारावीचं जीवशास्त्र शिकवायचे, मूळचे निलंग्याकडचे, माणूस हौशी. पण त्यांना चित्र काढता यायचं नाही. हृदय काढलं तर ते बटाट्यासारखं दिसायचं, हे ते स्वतःच पोरांना सांगून हसवायचे. सुजातानं ती बाजू घेतली. आधी पेन्सिलनं काढून स्कॅन करायची, मग कॉम्प्युटरवरच काढायला शिकली. मूत्रपिंड, फुलाचा उभा छेद, झुरळाचे जबडे — रंगवून, प्रत्येक भागाला मराठीत नाव देऊन. मराठी माध्यमातून आलेल्या खेड्यापाड्यातल्या पोरांना ती चित्रं बघून विषय कळायचा. सरांच्या क्लासचं नाव झालं त्यात निम्मा वाटा त्या चित्रांचा होता. हे सर चारचौघांत बोलूनही दाखवायचे.

मग ते साल आलं. लातूरकराला साल सांगावं लागत नाही. रेल्वेनं पाणी आलं ते साल. उदगीर जिल्हा होणार, अशी बोलणी तेव्हाही चालू होती आणि लोक म्हणत होते, आधी प्यायला पाणी द्या, मग जिल्हे वाटा. होस्टेलवाल्यांनी हात टेकले, आईबाप पोरांना गावी घेऊन गेले, क्लासच्या गल्ल्या ओस पडल्या. मी नव्या मशीनसमोर नारळ फोडायची तर सासूबाई खाली वाटी धरायच्या आणि म्हणायच्या, "एवढं तरी पाणी सोन्याचं हाय."

रिकाम्या दिवसांचा उपयोग म्हणून सरांनी नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. जुना माझ्याकडंच बदल्यात द्यायचा, म्हणजे मी तो पुसून दुसऱ्याला विकणार — आमच्या धंद्यात ही रीतच आहे. आणि काम मला द्या, हे सरांना कुणी सांगितलं? सुजातानं. "सर, आमच्या मुखेडच्या ताई हायत की. त्यांच्या हातनं कायबी हरवत न्हाई." हे तिचे शब्द सरांनीच मला हसत हसत सांगितले होते.

त्याच महिन्यात ती क्लास सोडणार होती. मुखेडला स्वतःचा छोटा क्लास काढायचा होता तिला. सरांना तिनं आधीच सांगितलं होतं, सरांनी वाईट वाटून घेतलं नव्हतं. निरोपाचा कार्यक्रम ठरला होता, चित्रांची एक प्रत ती बरोबर नेणार हेही ठरलं होतं. सगळं गोडीत चाललं होतं. हे लक्षात ठेवा.

जुना कॉम्प्युटर दुकानात आला. मी फोटो काढला. डी उचलून नव्यावर नेला, प्रोग्राम बसवले, फॉन्ट टाकले, प्रिंटर लावून बघितला. मग आयकॉन मांडायला घेतले. फोटोत उजव्या कोपऱ्यात 'चित्रे' नावाचं फोल्डर होतं. डी मध्येही 'चित्रे' नावाचं फोल्डर होतं. झालं की — शॉर्टकटच असणार. सुजाताला तर मीच शिकवलेलं, ती कशाला खरं फोल्डर बाहेर ठेवील? मी डी मधल्या 'चित्रे'चं दार केलं आणि त्याच कोपऱ्यात लावलं. फोटोशी ताडून बघितलं. हुबेहूब.

आत काय आहे, उघडून बघायचं होतं. एरवी बघतेच. तेवढ्यात घरून फोन, गल्लीत टँकर आलाय. मी जुन्या मशीनवर सी पुसायला लावला आणि घागरी घ्यायला पळाले. आता तुम्ही म्हणाल, त्या वर्षी टँकर आल्यावर कोण थांबलं असतं? नका म्हणू. पुसायचं काम परत येऊनही लावता आलं असतं. टँकरनं मला घरी बोलावलं. बटण माझ्या बोटानं दाबलं.

नवा कॉम्प्युटर सरांकडं बसवला, विभूतीचं बोट लावलं, नारळ फोडला. सरांचा हात नेहमीच्या कोपऱ्यात गेला, सर हसले, मीही हसले. त्या दिवशी फोल्डर कुणी उघडलंच नाही. शिकवायला पोरंच नव्हती.

नंतरच्या आठवड्यात सरांचा फोन आला. मी गेले. 'चित्रे' उघडून दाखवलं त्यांनी. आत सगळी जुनी, पेन्सिलची, स्कॅन केलेली चित्रं. रंगीत एकही नाही. मला बघताक्षणी कळलं. अगदी बघताक्षणी — हे मी लपवणार नाही. सुजाताची नवी चित्रं जड होती, डी भरला असणार, म्हणून तिनं नवं फोल्डर त्याच नावानं डेस्कटॉपवर काढलं असणार. मी खिशातला मोबाइल काढला, तो फोटो मोठा करून बघितला. फोल्डरच्या कोपऱ्यात बाण नव्हता.

सर म्हणाले, "अक्का, हे आपसूक जातं का हो?"

इथं थांबते जरा. इतकी वर्षं मी याच वाक्याशी येऊन थांबते.

मी म्हणाले, "आपसूक काहीच जात नसतं, सर. कुणीतरी काढल्याशिवाय नाही जात."

बघा, यात खोटं काय आहे? एक अक्षर खोटं नाही. कुणीतरी काढलं होतं, आणि ते कुणीतरी त्यांच्या समोर उभं होतं, कपाळाला विभूती लावून. मी फक्त नाव गाळलं. आणि गाळलेल्या जागी सर कुणाचं नाव भरतील, हे मला तेव्हा कळत नव्हतं का? कळत होतं. त्या कॉम्प्युटरवर बसायचं कोण? सुजाता. सोडून चाललंय कोण? सुजाता. जुनी टाकाऊ चित्रं जागच्या जागी आणि कामाची तेवढी निवडून गेलेली. लातुरात क्लास फुटतात तेव्हा नोट्स पळवल्या जातात, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सरांनी फोल्डर बंद केलं. मग म्हणाले, "मी प्रत देतो म्हणलो होतो की तिला. पुसून कशाला जायचं?" माणूस रडवेला झाला होता. मी मान हलवली. मान हलवली मी!

आणखी एक आहे, तेही सांगते. ते नाव सगळ्यांना इतक्या लवकर पटलं कसं? क्लासमधल्या बाकीच्यांना, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला, सरांच्या बायकोला? सुजाता बौद्धवाड्यातली, मी लिंगायताची लेक, सरांच्या नात्यागोत्यातलं कुणीतरी माझ्या ओळखीचं. यातलं एकही अक्षर कुणी उच्चारलं नाही. उच्चारायची गरजच पडली नाही. माझ्यावर संशय घ्यावा हे एकाच्याही मनात आलं नाही, आणि ते मला सोयीचं होतं.

दुकानात परत येऊन मी काय केलं असेल? तो फोटो मोबाइलमधून काढून टाकला.

आणि आता सगळ्यात वाईट. तुम्हाला वाटत असेल, चित्रं गेली ती गेलीच, खरं बोलून काय परत येणार होती? येणार होती. पुसलेलं लगेच नाहीसं होत नसतं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर बरंचसं परत काढता येतं, आणि ते काढायला मला येतं. जुनं मशीन मी औशाच्या एका स्टुडिओवाल्याला नुकतंच विकलं होतं. औसा म्हणजे काय, एसटीनं गेलं की आलं. गेले असते, मशीन उचलून आणलं असतं, सगळी नाही तरी निम्मी चित्रं हाताशी आली असती. पण स्टुडिओवाल्यानं विचारलं असतं, का नेताय? सरांनी विचारलं असतं, कुठून आली? मग सांगावं लागलं असतं. मी गेले नाही. तो बिचारा त्यावर लग्नाचे फोटो भरत राहिला, आणि एकेका लग्नाखाली एकेक चित्र कायमचं गाडलं गेलं. मला घरी बसून ते दिसत होतं.

सुजाताचा फोन आला होता. "ताई, तुम्ही सांगा की सरांना. मी कशाला पुसू? माझ्याच हातची हायत ती. कॉम्प्युटरमधी कळत असंल ना, कुणी पुसलं ते?"

मी म्हणाले, "तसं कळत नाही गं."

हे मात्र धडधडीत खोटं. ती नुसतं "बरं ताई" म्हणाली. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. सरांनी तिला अनुभवाचा दाखला दिला नाही. ती नांदेडच्या गाडीत बसून मुखेडला गेली, आणि क्लासच्या गल्लीत तिचं नाव 'ती चित्रं पळवणारी' असं पडलं ते पडलंच. मी का गप्प बसले? बाईच्या हातात मशीन दिलं की असं होतं, हे ऐकायला लागू नये म्हणून. उंबऱ्यावर सीपीयू धरून उभे राहणारे ते लोक मला परत नको होते. एवढंच. एका बाईचं नाव राखायला मी दुसऱ्या बाईचं नाव दिलं.

माझं दुकान त्यानंतर वाढलं. माझी पद्धतही सुधारली. आता मी प्रत्येक फोल्डर उघडून बघते, गिऱ्हाईकाला शेजारी बसवून दाखवते, आणि महिना उलटल्याशिवाय जुनं मशीन पुसत नाही. लोक म्हणतात, अक्का फार काळजीच्या. मी ऐकून घेते.

मागच्या वर्षी सुजाताचा फोन आला. इतक्या वर्षांनी. मुखेडला तिचा क्लास चांगला चालतो, नवा कॉम्प्युटर घेतलाय, जुन्यावरचं सगळं न्यायचंय, तुम्हीच या. मला नाही म्हणता आलं नाही. वाटभर मी मनात वाक्यं जुळवत होते. खरंच जुळवत होते.

तिनं सगळी चित्रं नव्यानं काढली होती. भिंतीवर लावली होती — मूत्रपिंड, फूल, झुरळ. पहिल्यापेक्षा चांगली. पोरं जमिनीवर बसून वहीत उतरवत होती. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि चहाला आत वळताना सहज म्हणावं तसं म्हणाली, "ताई, आधी डेस्कटॉपवरलं घ्या बरं. मागल्या खेपेला तेच ऱ्हायलं होतं."

तिला माहीत होतं. कधी कळलं असेल तिला? फोनवरच, त्या "बरं ताई"च्या आधी? की पुढं स्वतःच्या मशीनवर काम करता करता? मी विचारलं नाही. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिनं दार उघडून दिलं होतं, मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. जुळवलेली सगळी वाक्यं ओठाशी होती.

मी म्हणाले, "घेते."

तेवढंच. मान खाली घालून डेस्कटॉप उचलला, एकेक फोल्डर उघडून बघितलं, काम चोख केलं. चहा प्याले. ती मला स्टँडवर सोडायला आली, बसमध्ये जागा धरून दिली, हात हलवला. लातूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. पहिल्यांदा चुकले तेव्हा टँकर तरी होता, घाई तरी होती. त्या दिवशी कसलीच घाई नव्हती.

बिराजदार सर अजून शिकवतात. हे त्यांच्या वाचनात येईल, माझ्या गिऱ्हाइकांच्याही येईल. येऊ दे. लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की शेवटी एक वाक्य सरळ लिहायचं, नाव न गाळता.

सर, ती चित्रं सुजातानं पुसली नाहीत. मी पुसली, मला माहीत होतं, आणि मी तुमच्यासमोर मान हलवली.